ब्राउझर बदलायची सकाळ

लॅपटॉपवर एक पिवळी पट्टी आली. 'आपला ब्राउझर जुना झाला आहे.' बस, एवढंच. शहाण्या माणसानं त्या पट्टीच्या कोपऱ्यातली फुली दाबली असती आणि चहा घेतला असता. मी म्हटलं, आज नवा बसवूनच टाकू. (शहाण्या माणसाची गोष्ट सांगायला मी बसलोच नाहीये.)

त्या दिवशी काय होतं ते आधी सांगतो. माझ्या बायकोचं, हर्षाचं, त्या सकाळी ऑनलाइन भाषण होतं. हर्षा माहेरची केशोरीची. तिकडची घराणी तलाव बांधणारी. गावतलावाचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत आधी, कुणाच्या नंतर, हे सगळं तिनं शाळेची नोकरी सांभाळून, सुट्ट्यांत उन्हातान्हात तलावांच्या पाळींवरून हिंडून जमवलं होतं. नागपूरच्या एका संस्थेनं तिला बोलायला बोलावलं. फोटो, नकाशे, सगळं त्या लॅपटॉपात. सासरे केशोराव पहिल्या एसटीनं आमच्याकडे गोंदियाला आले होते. कडक धोतर, नवी टोपी, आणि लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून बसलेले. जणू त्यातून पोरीची मिरवणूक निघणार होती.

लॅपटॉप माझा, आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स. ऑफिसातला हिमांशु म्हणाला होता, "भोजराजजी, लिनक्स डालो, मशीन जवान हो जाएगी." टाकलं. मशीनचं माहीत नाही, मी मात्र तेव्हापासून म्हातारा होत चाललोय.

"अजी, का करून राहिले?" हर्षानं आतून साडीच्या निऱ्या घालता घालता विचारलं.

"काही नाही. ब्राउझर बदलून राहिलो."

"आजच कायले?"

"पट्टी आली ना."

"पट्टी तर रोजच येते!"

हे मला माहीत नव्हतं. पण आता माघार घेतली तर सासऱ्यांसमोर हसं झालं असतं. मी लिनक्सचं ते दुकान उघडलं, जिथं सगळे प्रोग्राम मांडून ठेवलेले असतात. ब्राउझरांची ही रांग! एक म्हणे सर्वांत वेगवान. त्याच्या शेजारचाही सर्वांत वेगवान. तिसरा म्हणे मी तुमचं गुपित कुणाला सांगणार नाही. माझ्याकडे गुपित कुठलं? तरी वाटलं, चुकीचा निवडला तर?

"याइतला चांगला कोनता जी, जवाईबुवा?" सासऱ्यांनी विचारलं.

"सगळेच स्वतःला चांगला म्हणून राहिले, बाबा."

"मंग लग्नाच्या पोरासारखंच झालं," ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मी डोळे मिटून एक निवडला. मशीन म्हणालं, जागा कमी आहे. म्हणजे जुना काढल्याशिवाय नवा येणार नाही. घड्याळाकडे पाहिलं आणि मी हिमांशुला फोन लावला.

हिमांशु सहकुटुंब नागऱ्याला, शंकराच्या दर्शनाच्या रांगेत उभा होता. मागं घंटा, कुणाचं तरी रडणारं लेकरू.

"टर्मिनल खोलो," तो म्हणाला.

टर्मिनल म्हणजे एक काळी खिडकी. तिच्यात हुकूम लिहायचा, मशीन तो पाळतं. कशासाठी, असं विचारत नाही. (घरात एवढं ऐकणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मला ती आवडायची.) हिमांशुनं हुकूम सांगितला, मी लिहिला. मशीननं पासवर्ड मागितला. मी टाइप केला, पण पडद्यावर काही उमटेना.

"हिमांशु, कीबोर्ड मेला!"

"मरा नहीं है. पासवर्ड दिखता नहीं. डालते रहो."

आंधळ्यासारखा टाकत राहिलो. चुकला. पुन्हा टाकला. घाबरून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकला, तेव्हा लागला. आतून हर्षा म्हणाली, "माह्यं नाव कायले घेऊन राहिले?"

"अब पुराने का नाम डालो."

नावाचं पहिलं अक्षर आठवत होतं. पुढचं स्पेलिंग घाईत विसरलो. पुढे तारा, म्हणजे ती चांदणीची खूण (*), दिला की मशीन बाकीचं समजून घेतं, असं हिमांशुच कधीतरी म्हणाला होता. मी पहिलं अक्षर लिहिलं आणि तारा दिला. मशीन समजलं. त्या अक्षरानं सुरू होणारं जे जे काही माझ्या लॅपटॉपात होतं, ते ते, आणि त्यांच्या आधारानं जगणारं बाकीचंही, असं सगळं काढायची तयारी करून त्यानं विचारलं, पुढे जायचं?

"हिमांशु, हे जरा जास्तच दिसून राहिलं. पुढे जाऊ?"

"हां हां, आगे बढ़ो! आगे बढ़ो ना, कब से खड़े हो!"

मी होकार दाबला.

ओळी धावू लागल्या. मग खालची पट्टी गेली. घड्याळ गेलं. चित्रं गेली. मग माऊसचा बाणसुद्धा गेला, आणि पडदा ठार काळा झाला.

"हिमांशु, तू पुढे जा म्हणालास आणि सगळंच गेलं!"

"अरे, मैंने आपको कब बोला? सामने वाले भाईसाब को बोला! लाइन रुकी थी!"

"आता काय करू?"

"अब गाभारा आ गया भोजराजजी, मोबाइल बंद करना पड़ेगा." फोन कटला.

मी काळ्या पडद्यात माझाच चेहरा पाहत बसलो. साडी नेसून, केस विंचरून हर्षा बाहेर आली. तिनं पडद्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माह्ये फोटो?" ती हळूच म्हणाली.

"असतील ना आत."

"आत म्हंजे कुठं?"

मला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कुणी गेल्यावर काढतात तशी. इतक्या उन्हाळ्यांची तिची पायपीट मी एका ताऱ्यानं बुडवली, हे तेव्हा मला पुरतं कळलं.

हर्षा वळून स्वयंपाकघरात गेली. रडायला गेली असं मला वाटलं. आतून भांड्यांचा आवाज आला. परत आली ती परात घेऊन. परातीत दुपारच्या पुऱ्यांसाठी मळलेली कणीक.

"तुमचा फोन द्या, त्याच्यावरूनच बोलीन. नाई, तुमीच पकडा. परातीवर धरा. अन् हालले तर पाहा!"

त्या तासात मी नवरा नव्हतो, स्टँड होतो. हर्षानं कणकेची पाळ घातली, पाळीला भोक ठेवून त्यात मुळ्याचा तुकडा खोचला. "हे तुडुम. इथून पाणी सोडायचं." पुढे कोरडं पीठ पसरून त्यावर बोटानं पाट ओढले, तांब्यानं पाणी ओतलं आणि मुळा उपसला. पाणी पाटापाटानं निघालं. फोनमधले लोक म्हणाले, थांबा, पुन्हा दाखवा! मधेच हिमांशुचा फोन आला. मी तो अंगठ्यानं कापला. आयुष्यात इतकं अचूक बटण मी दुसरं दाबलं नसेल.

हर्षा रंगात येऊन पाणी ओतत राहिली, आणि सासऱ्यांना राहवेना. "पोरी, सलंग ठेवला नाई! जास्तीचं पानी जाईन कुठून? पाळ फुटन!"

फुटली. सगळा तलाव माझ्या पँटवर आला. मी हललो नाही.

"हे माझे बाबा," हर्षा फोनकडे पाहून म्हणाली, "आणि पाळ काऊन फुटते, ते तुम्ही आताच पाहिलं." पलीकडे टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. केशोरावांनी टोपी घातली. हर्षा हसत होती आणि डोळेही पुसत होती. कणकेच्या हातानं, त्यामुळे गालभर पीठ.

रविवारी हिमांशु आला, मान खाली घालून बसला आणि लॅपटॉप उभा केला. फोटो सगळे शाबूत होते. नवा ब्राउझरही बसला. मला वाटलं, सुटलो.

काही दिवसांनी हर्षा म्हणाली, "त्याइनं पुन्हा बोलावलं. मी नागपूरले जाऊन राहिली."

"जायचं कशाला? ऑनलाइन बोल ना घरून."

"ते बी तेच म्हनत होते. मीच सांगितलं, घरी एक अडचन आहे."

"अडचण कसली? लॅपटॉप तर झाला ना दुरुस्त!"

"लॅपटॉपचं कोन बोलून राहिलं?" हर्षा म्हणाली आणि बॅग भरायला लागली.