जिनिंगच्या काट्यावर आजी

"चार लेकरं वाढवली मी! दोन म्हशी, एक सासू आन् घरात नळ न्हाई, अशात वाढवली! मंग दोन नाती आठ दिवस सांभाळायला असं काय लागतं?"

हे मीच म्हणलं होतं. टेंभुर्णीच्या आमच्या घराच्या ओट्यावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून, सुनंच्या तोंडावर म्हणलं होतं. आता कोणाला दोष देऊ?

सून म्हणजे शीतल. ती आन् माझा लेक कल्याण, दोघं बी जालन्याला मास्तर हायत. दिवाळीच्या सुट्टीत दोघांना बी ट्रेनिंगची ड्युटी लागली, म्हणून पोरींना जालन्यातच कसल्याशा छंदवर्गात घालायचं तिच्या मनात होतं. "आई, तुमची फार दमछाक होईल," म्हणली.

दमछाक! माझी!

"तुझा छंदवर्ग राहू दे तिकडं," मी म्हणलं. "तू बिलकुल काळजी करू नको."

गाडी गल्लीच्या बाहेर पडली आन् माझी दमछाक सुरू झाली.

मोठी तृप्ती, नऊ वर्सांची. तिला दुनियेतल्या सगळ्या गोष्टीचं कारण पाहिजे. धाकटी गुड्डी, पाचाची. तिला कारण नको, वस्तू पाहिजे, आन् ती बी जल्दी पाहिजे.

"आजी, शेळी हसते का?"

"आजी, तुझ्या गालाला इस्त्री करता येते का?"

"आजी, आजोबा पहिल्यापासून असेच आहेत का?"

आजोबा, म्हणजे आमचे मालक बद्रीनाथ, बाजेवर पडून असतात. त्यांना ऐकू कमी येतं. पण जेवायची हाक कशी बराबर ऐकू येते, ते मला आजवर कळलं न्हाई. पोरी आल्यापासून तर ते ठार बहिरे झाल्ते. पोरींनी काही बी विचारलं की बोट माझ्याकडं! "आजीला विचारा."

चार दिवसांत मी "आजी" हा शब्द इतक्या वेळा ऐकला की माझं खरं नाव द्वारकाबाई हाय, हे मलाच आठवावं लागलं. गुड्डीनं बाहुलीला ज्वारीच्या पिठानं आंघोळ घातली. कोंबडीला माझ्या चोळीत गुंडाळून झोक्यात निजवलं, आन् कोंबडी निजंना म्हणून मला अंगाई म्हणायला लावली. म्हणली बी मी! काय करता?

पाचव्या दिवशी सकाळी माझा दीर वसंता ट्रॅक्टर घेऊन आला. वेचलेला कापूस घरात छतापर्यंत लागला होता. तो ट्रॉलीत भरला, ठासला, आन् मागच्या कोपऱ्यात थोडी जागा ठेवून वसंता भाकर खायला आपल्या घरी गेला. ट्रॉली बराबर ओट्याला लागून उभी.

तेवढ्यात पोरी आल्या. "आजी, लपाछपी!"

"बाई, माझे गुडघे..."

"आजी, प्लीज!"

राज्य गुड्डीवर आलं. ती लिंबाच्या झाडाला तोंड लावून मोजायला लागली. तृप्ती घरात पळाली. मी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. समोर ट्रॉली! ओट्यावरून एक पाय टाकला की आत. मनात म्हणलं, द्वारके, आज दाखव या पोरींना!

उतरले. कापसात खळगा केला, आत बसले, मंग आडवी झाले, आन् गळ्यापर्यंत कापूस ओढून घेतला. केस माझे पांढरेफेक. कोण ओळखणार?

गुड्डी मोजून राह्यली. "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस..." तिला तीस येत न्हाई. एकोणतीस झालं की पोरगी परत वीसवर! "वीस, एकवीस, बावीस..." अशी पाच-सहा वेळा एकोणतीसपर्यंत गेली आन् मागं आली. अंगाखाली मऊ कापूस, वरून कोवळं ऊन. सातव्या एकोणतीसला माझा डोळा लागला.

वसंता आला, त्यानं वरून ताडपत्री टाकली, दोऱ्या आवळल्या, टेपवर गाणी लावली आन् निघाला कापूस विकायला जिनिंगच्या कारखान्यावर.

मला जाग आली ती कोणीतरी माझे केस ओढून राह्यलं होतं म्हणून!

"धागा लांब हाय बरं का याचा," वरून आवाज आला. "पण मऊ न्हाई, चिवट वाटतो." आन् परत ओढले!

"मेल्या, सोड!" मी ओरडले.

तो बिचारा जिनिंगवरचा कापूस पारखणारा माणूस. ताडपत्री सोडली तसा मूठभर कापूस उपसून धागा बघायला वर चढला होता. कापूस बोलला म्हणल्यावर त्यानं ट्रॉलीवरून सरळ खाली उडी टाकली. "भूत! भूत!" करत पळाला, तो चहाच्या टपरीलाच जाऊन थडकला.

मी उठून बसले. डोक्याला कापूस, कानात कापूस, तोंडात कापूस. समोर चाळीस-पन्नास ट्रॉल्यांची रांग आन् सगळ्या रांगेचं तोंड माझ्याकडं! खाली वसंता, हातात तंबाखू, तोंड उघडं.

"वहिनी? तू हितं काय करून राह्यली?"

"मी लपले!"

"कोणापासून?"

"गुड्डीपासून!"

जिनिंगचा मुनीम धावत आला. ट्रॉलीचं वजन नुकतंच झाल्तं. त्यानं माझ्याकडं पाह्यलं, मंग वसंताकडं.

"वा रे वा! कापसात पाणी मारणारे पाह्यले, दगड घालणारे पाह्यले. म्हातारी घालणारा तूच पहिला!"

"ओ साहेब, ती माझी वहिनी हाय!"

"म्हणजे घरचंच माणूस घातलं!"

वसंतानं शपथा घेतल्या, मी शिव्या घातल्या, पण मुनीम हटंना. "यांचं वजन वेगळं करा. तेवढं कमी करू, मंगच पुढचं बोलू."

आता ऐका. बचत गटात मी सगळ्या बायांना माझं वजन पंचावन्न सांगितलेलं. रांगेत आमच्या गावच्या दोन ट्रॉल्या होत्या. मी म्हणलं, "मी चढणार न्हाई!" वसंता हात जोडून म्हणला, "वहिनी, चढ. न्हाई तर हे लोक ट्रॉली परत धाडतील." चढले. पोत्यांचा काटा तो! मुनीमानं आकडा वाचला, तो बी कसा, लिलावात पुकारतात तसा!

"अडुसष्ट!"

मागून कोणीतरी म्हणलं, "कापूस झटकून मोजा!" झटकून मोजलं. अडुसष्टच.

टपरीवरची एक बाई जवळ आली, माझ्या हातात पाण्याचा गिलास दिला, आन् हळूच विचारलं, "मावशी, सुनंनं हाकललं का?"

"न्हाई वो! सून लई चांगली हाय माझी."

"सगळ्या असंच म्हणत्यात," ती म्हणली आन् डोळ्याला पदर लावला. तिचं बघून आणखी दोघी रडायला लागल्या.

तेवढ्यात वसंतानं मोबाइल काढून पाह्यला. गाण्यांच्या आवाजात त्याला एक बी फोन ऐकू आला नव्हता. एकवीस फोन येऊन गेल्ते! तिकडं गावात हलकल्लोळ झाल्ता. पोरींनी घर धुंडाळलं, गोठा धुंडाळला, मंग भोकाड पसरलं. पोरांनी विहिरीत गळ टाकले. आमच्या मालकांनी मंदिराच्या भोंग्यावरून पुकारायला लावलं, "द्वारकाबाई, वय सत्तर, समोरचा एक दात न्हाई, सकाळपासून बेपत्ता हायत!"

सत्तर? चौसष्टची हाय मी! चाळीस वर्स संसार केला या माणसाबरोबर!

वसंतानं त्यांना फोन लावला. "दादा, वहिनी सापडली! कापसात!"

"पसार? कोणाबरोबर?"

"पसार न्हाई, कापसात! माझ्याबरोबर हाय! जिनिंगवर!"

त्यातलं जेवढं ऐकू आलं तेवढं मालकांनी भोंग्यावाल्याला सांगितलं. पाच मिनिटांत सगळ्या टेंभुर्णीनं ऐकलं, "द्वारकाबाई आपल्या दिराबरोबर पसार झाल्या होत्या, त्या जिनिंगवर सापडल्या हायत. तपास बंद करावा!"

मी बेपत्ता असल्याचं कळून कल्याण आन् शीतल जालन्याहून निघालेलेच होते, ते वसंताचा फोन गेल्यावर सरळ जिनिंगवर आले. शीतलचा चेहरा पार उतरलेला. तिनं येऊन मला मिठीच मारली. "आई, आमचं काही चुकलं का हो?"

टपरीवरची बाई बाकीच्या दोघींना म्हणली, "हीच ती सून!"

मला तर कापसात परत शिरावंसं वाटलं.

"अरे, पोरींबरोबर लपाछपी खेळून राह्यले होते," मी म्हणलं.

कल्याणनं माझ्या अंबाड्यातला कापूस काढत विचारलं, "लपायला अख्खा तालुका कमी पडला का गं तुला?" हसत होता, पण कापूस संपला तरी माझं डोकं चाचपतच राह्यला. तेव्हा मला पहिल्यांदा खरी लाज वाटली.

घरी आलो तर दारात दोघी उभ्या. तृप्तीचे डोळे सुजलेले. गुड्डीनं धावत येऊन माझ्या पायाला विळखा घातला आन् मंग रागानं वर बघून म्हणली, "आजी, गावाबाहेर लपायचं नसतं! तुझ्यावर राज्य!"

शीतल म्हणली, "बॅगा भरा. जालन्याला चला. आजीला आराम करू द्या."

मी लगेच दोरीवरचे फ्रॉक काढायला धावले. तोंडातून "राहू दे गं" निघंना. पण तृप्ती पुढं झाली. "मम्मी, आम्ही गेलो तर आजीला सांभाळणार कोण? ती परत हरवली तर?"

आन् शीतलला ते पटलं! पोरी राह्यल्या. वर चार दिवस वाढवून राह्यल्या! तृप्तीनं शेळीच्या गळ्यातली घंटी सोडून माझ्या पदराला बांधली. मी चुलीकडं गेले तर किणकिण, मोरीकडं गेले तर किणकिण आन् दाराबाहेरून आवाज, "आजी, आहेस ना?" शेळी माझ्याकडं अशी बघायची, जसं काही मी तिचंच काहीतरी चोरलंय.

आता तुम्ही कोणाला सांगणार न्हाई म्हणून सांगते. हे कल्याणला ठाऊक न्हाई, मालकाला तर बिलकुल न्हाई. वेशीजवळ वसंतानं तंबाखूची पुडी घ्यायला ट्रॅक्टर उभा केला होता, तव्हाच मला जाग आल्ती. इंजन बंद, गाणी बंद. एक हाक मारली असती तर पाच मिनिटांत घरी. हाक नरड्यापर्यंत आल्ती बी. पण काय सांगू, चार दिवसांत पहिल्यांदाच "आजी" म्हणणारं कोणी नव्हतं! किती शांत वाटलं म्हणता!

मी कूस बदलली.