नाना काही फेकू देत नाहीत

आमचे शेजारी नाना इंगळे भाजी आणायला निघाले, की त्यांच्या खांद्यावर माझी जुनी पँट असते. दोन्ही पाय खालून शिवलेले, कमरेला नाडी ओवलेली. एका पायात बटाटे, दुसऱ्यात वांगी, आणि मागच्या खिशात कोथिंबीर. बडनेऱ्याच्या बाजारात मला आता चेहऱ्यापेक्षा पँटवरूनच जास्त लोक ओळखतात.

नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नोकरीसाठी बंगळुरात. घरात नाना एकटे, आणि त्या घरातून कचरा म्हणून काही बाहेर पडत नाही. अंघोळीचं पाणी डाळिंबाला, भाजीची देठं खताच्या माठात, शिळ्या पोळीचा कुस्करा नानांना. संत्र्याच्या दिवसांत तर त्यांच्यासमोर संत्रं खायची सोय नाही. आपण पहिली फोड तोंडात टाकेपर्यंत ते सालीसाठी हात पुढे करून उभे. साली वाळवून, रिठ्यांबरोबर कुटून ते भांडी घासायची पूड करतात. कोणी हसलं तर म्हणतात, "फेकाले नुसता हात लागते बाप्पा. ठेवाले डोकं लागते."

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं, मीनलचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, जुन्या शहरातला. केटरिंगवाल्यानं सांगितलं, ताटं, वाट्या, पेले सगळं एकदाच वापरायचं. जेवण झालं की द्यायचं टाकून. ही बातमी गल्लीत फिरली आणि संध्याकाळी नाना दारात.

"पोरीच्या लग्नाचा उकिरडा करून राहिले का तुमी?"

"नाना, एवढे ताटं आणू कोठून? अन् भर मे महिन्यात धुवाले पाणी?"

"ताटं गल्लीतून येतीन. पाण्याचं मी पाहातो. तुमी नुसतं पोरीकडं लक्ष द्या."

माझी बायको घाबरली. "अकोल्याचे लोक हसतीन ना नाना."

"हसतीन," नाना म्हणाले, "मंग जेवतीन."

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघरी फिरून स्टीलची ताटं गोळा करू लागले. लग्न जवळच्या शाळेच्या मैदानात होतं. मंडपामागं नानांनी रांगच लावली. आधी उष्ट्याची बादली, गुरांसाठी. मग ताट कोरडंच पुसायला राख. मग सालींच्या पुडीचं पाणी आणि शेवटी चांगलं पाणी. वापरलेलं पाणी सरीतून थेट मैदानाच्या कडेच्या कडुनिंबांना. भांड्यांसाठी मी बाया लावल्या होत्या, तरी नाना इस्त्रीचा शर्ट घालून बादलीपाशी स्वतः उभे.

पंगत उठली, आणि पहिलेच आले नवरदेवाचे मामा. ताटात बुंदीचा ढीग तसाच. नानांनी हात आडवा धरला.

"मामाजी, ताट भरलेलं हाय."

"झालं माहं."

"तुमचं झालं. ताटाचं नाई झालं."

वरपक्षाच्या मामाला भर मांडवात अडवणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. मी हात जोडतच तिकडे धावलो. तोवर नानांनी खुर्ची ओढली होती.

"बसा. काई घाई नाई. मी थांबतो तुमच्यासाठी. बुंदी माह्यासमोर पाडली हाय, लय मस्त झाली."

मामांनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा बुंदीकडे, आणि बसले. नाना शेजारी उभे राहून त्यांना अकोल्याच्या उन्हाबद्दल विचारत राहिले. बोलता बोलता ताट रिकामं झालं. मामांनी तोंड पुसलं, पण तिथून हलले नाहीत. तेवढ्यात त्यांचे जावई अर्धी पोळी टाकायला आले.

"जावईबापू, संपवा पहिले," मामाच म्हणाले. "मले बसवलं, तुमाले काहून सोडू?"

मांडवात हशा पिकला आणि माझा जीव भांड्यात पडला. शेवटच्या पंगतीपर्यंत मामा नानांच्या बाजूला पहारा देत होते. उष्ट्याची बादली अर्धीसुद्धा भरली नाही. मैदानात उचलायला एक पेला नव्हता. केटरिंगवाला गुपचूप नानांना विचारून गेला, की पुढच्या लग्नाला याल का. निघताना विहीणबाईंनी थोडी पूड मागितली, तेव्हा नानांची मान अशी ताठ झाली, की नवरदेव कोण हा प्रश्न पडावा.

सकाळी त्यांनी ताटांवरची नावं वाचून ज्याचं ताट त्याच्या घरी पोचवलं. समोरच्या शोभाताईंना तर कधीची हरवलेली वाटीही परत मिळाली. ती कोणाच्या घरून निघाली, हे मात्र नानांनी सांगितलं नाही.

सगळ्यात शेवटी ते आमची ताटं घेऊन आले. मीनल सासरी गेली होती, घरात आता आम्ही दोघंच. बायकोनं त्यांना चहा दिला. कप धरताना मला त्यांची बोटं दिसली. राखेनं चरे पडले होते.

"नाना, बाया लावल्या होत्या ना मी? तुमी काहून घासत बसले?"

नानांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"माह्या घरी एकच ताट निंघते," ते म्हणाले. "एक ताट, एक वाटी. हात ओला होत नाई तं काम खतम. काल कसं, ताटावर ताट येऊन राहिलं होतं. उठावंच वाटे ना."

मग बायको म्हणाली, "नाना, आजपासून संध्याकाळचं अठीच जेवत जा."

नानांनी बशी रिकामी केली. थेंबही ठेवला नाही.

"येतो," ते म्हणाले. "पन भांडे मी घासीन. सगळ्यायचे."