चारशे बारा नंबरची गिटार

"जिला पोट नाही तिला भूक नाही, नि जिला भूक नाही तिला गाणं नाही. विजेवर बोंबलणारी फळी माझ्या अंगणात दिसली, तर चुलीत घालीन. आणि करणाऱ्याला हाकलीन."

एपिफानियो मास्तर हे बोलले त्याला पंचावन्न वर्षं झाली. मास्तर मातीत गेले, तरी त्यांच्या हाताखाली गिटारी करायला शिकलेल्या आणि आता सगळे आदराने 'नोय' म्हणतात त्या क्रिस्पुलोच्या कानातून तो आवाज काही हलला नाही. आणि आज तसलीच फळी, पोट नसलेली विजेची गिटार, त्याच्या मित्राची विधवा पासिता हिच्या जेवणाच्या टेबलावर, धुतल्या चादरीवर, माहेरी आलेल्या लेकीसारखी निवांत पहुडली होती. मनिलाच्या संग्रहालयाचे विल्यारुझ साहेब भिंग घेऊन तिच्यावर ओणवले होते. तपासणीचा आज तिसरा दिवस.

क्रिस्पुलोने ती मास्तरांपासून चोरून केली होती, आणि 'एका अमेरिकन खलाशाकडून मिळाली' असं सांगून जिवलग मित्राला, तेबानला दिली होती. तेबानने ती मक्तान बेटापासून हाँगकाँगपर्यंत वाजवली, आणि विचारेल त्याला छाती फुगवून "अमेरिकन आहे" म्हणून सांगितलं. आता तेबान राहिला नव्हता. मित्राची फुगलेली छाती मेल्यावर कोण टाचणी लावून फोडणार? गप्प राहून राहून क्रिस्पुलोचा जबडा दुखत होता.

"बटणं शिकागोची," साहेब पुटपुटले.

बटणं क्रिस्पुलोच्या मावशीच्या रेडिओची होती. त्यापायी मावशी वर्षभर अबोल होती. रेडिओ तर कायमचाच.

"स्क्रू मात्र जपानी."

शिलाई मशीनचे. क्रिस्पुलोने जांभई दिली.

साहेबांनी आतल्या खाचेतला रंग खरवडला. खाली पिवळंधमक लाकूड. "असं लाकूड मी जन्मात पाहिलं नाही. तुम्ही?"

खिडकीत गल्लीतले गिटारवाले दाटीवाटीने उभे होते. जन्मभर फणसाचंच लाकूड तासणारी माणसं ती. त्यांनी एकदा लाकडाकडे पाहिलं, एकदा क्रिस्पुलोकडे. पाहुण्यादेखत म्हाताऱ्या माणसाला मान खाली घालायला लावायची रीत त्या गल्लीत नव्हती.

"छे, साहेब," दारात फणसाच्या फळ्यांची चळत असलेला बेनितो म्हणाला. "परदेशी दिसतंय."

"बर्फातलं असणार," दुसऱ्याने भर घातली.

साहेबांना हुरूप आला. त्यांनी गिटारीची मान सोडवली. सांध्यातून घडी घातलेली कागदाची चिठ्ठी निघाली. तिच्यावर छापलेलं होतं: ४१२.

"अनुक्रमांक!" साहेब ओरडले. "अमेरिकन कंपनीने जपानात गुपचूप घडवलेली गिटार. म्हणजे आणखी चारशे अकरा कुठेतरी असणार."

लगेच मनिलाला फोन गेला, उरलेल्या चारशे अकरांचा शोध घ्या म्हणून.

ते सान रोकेच्या जत्रेतल्या सोडतीचं तिकीट होतं. बक्षीस डुकराचं, आणि ते लागलं नव्हतं. मान डगडगली की न लागलेलं तिकीट सांध्यात घालायचं, ही मास्तरांचीच शिकवण. खिडकीतल्या प्रत्येकाने अशी पन्नासेक तिकिटं कोंबली होती. आता ते सगळे एकसाथ आभाळ न्याहाळत होते.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "नोय क्रिस्पुलो, तुम्ही इथले सर्वात जुने कारागीर. गिटार अमेरिकन आहे, एवढ्यावर सही करा."

क्रिस्पुलोने पेन उचललं. आयुष्यात त्याने नऊशे गिटारी केल्या, सगळ्या पोटाच्या. पण हात लावला की जीव हलावा अशी एकच झाली होती, आणि तिलाच आता स्वतःच्या हाताने परक्याच्या नावावर लिहून द्यायचं होतं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"मी केलीय ती," तो म्हणाला.

साहेब मायेने हसले. "नोय, या वयात सगळं आपणच केलंसं वाटतं. माझे वडील म्हणायचे, बंदरावरचा पूल मीच बांधला. जरा पडा तुम्ही."

"आतलं वेटोळं जळक्या पंख्याच्या तारेचं आहे."

"असेलही. जपान्यांचं काय सांगावं?"

क्रिस्पुलो दमून खुर्चीत टेकला. खरं बोलण्यातही एवढे कष्ट असतील असं त्याला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पासिताने भाताची टोपली खाली ठेवली.

"त्यांनीच केलीय, साहेब. तेबानला पहिल्याच दिवशी कळलं होतं. घामाचा हात लागला की फणसासारखी घमघमायची. मला म्हणाला, मास्तरांना कळलं तर क्रिस्पुलोचं पोट जाईल. कुणी विचारलं तर अमेरिकन म्हणायचं. मास्तर वारले तेव्हा मी म्हटलं, आता तरी बोल. तर म्हणाला, आता त्याला लाज वाटेल, तो आपण होऊन सांगेल." तिने भाताचे हात फडक्याला पुसले आणि ती क्रिस्पुलोकडे वळली. "पंचावन्न वर्षं, नोय. अमेरिकेचं नाव घेऊन घेऊन थकले हो मी."