पाण्यावर चहा सांडलेला असतो

वरच्या कचेरीतल्या साहेबांनो, यंदा तुम्ही बालवर्गांना वाटलेल्या चित्रकार्डांत ‘दार’ या शब्दावर जो तपकिरी गोल छापलाय, तो तुमच्याच तपासनिसाच्या चहाच्या कपाचा आहे. हजारो कार्डांवर छापलाय. कुणीतरी तो पाहिला, कुणीतरी मंजूर केला, कुणीतरी खाली सही ठोकली. आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा रे, दाराला चहा कशाला?

तर तो गोल आला कुठून ते आता ऐका.

बालवर्गाच्या बाई चार वर्षं ‘तात्पुरत्या’ होत्या. चार वर्षांत त्यांच्या हाताखालची मुलं दुसरीत गेली, शाळेचा पत्रा बदलला, घंटा बदलली, बाई तात्पुरत्याच. शेवटी तुमचं पत्र आलं: तपासणीत मुलांनी पंचवीसपैकी वीस शब्द ओळखले तर बाई कायम, नाहीतर वर्ग बंद आणि बाई घरी.

शिकवायची पद्धतही तुमचीच. कार्डाच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. आधी चित्र दाखवायचं, मग शब्द. मुलानं अक्षरं जुळवत बसायचं नाही, शब्द दिसल्याबरोबर म्हणायचा. ‘शब्दाचा चेहरा ओळखू द्या,’ असं सूचनापत्रात ठळक छापलं होतं. बाईंनी चार महिने पंचवीस चेहरे ओळखू दिले. मुलं अशी तयार झाली, की कार्ड पेटीतून अर्धं वर आलं की वर्ग ओरडायचा. बाईंना कौतुक वाटायचं. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता तुमचा शिपाई नवी पेटी घेऊन आला.

“जुना संच परत द्या. तपासणी नव्यावरच होणार. इथं सही.”

“अहो, पण आजच?”

“आजचीच तारीख आहे त्याच्यावर.” जुनी पेटी काखोटीला मारून तो गेलासुद्धा.

बाईंनी नवं कोरं कार्ड उचललं. ‘पाणी’. वर्ग गप्प. ज्या वर्गाला गप्प करताना मावशींचा घसा बसायचा, तो वर्ग आपणहून गप्प. मावशी म्हणजे मुलांची नाकं पुसण्यापासून भांडणं सोडवण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या. त्याही झाडू थांबवून बघायला लागल्या.

“अरे, सांगा ना! रोजचंच आहे!”

पहिल्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. वय वर्षं पाच. कुठल्याही गोष्टीला ती ‘पण का?’ विचारायची म्हणून सगळी शाळा तिला वकीलबाई म्हणायची.

“बाई, हे पाणी नाहीये. पाण्यावर चहा सांडलेला असतो.”

बाईंनी घाईघाईनं ‘मासा’ काढला.

“मासा चावलेला असतो.”

‘छत्री’.

“छत्री फाटकी असते. ही कोणाची आहे?”

साहेब, मुलांनी तुमची सूचना तंतोतंत पाळली होती. चेहरा ओळखला होता. फक्त चेहऱ्यावरचा तीळ, म्हणजे जुन्या कार्डावरचा डाग, तेवढा ओळखला, नाकडोळ्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. बाईंनी पुन्हा चित्रं दाखवली, शब्द दाखवले, कार्डं पिसली. पुन्हा शुकशुकाट. घड्याळात साडेआठ. तपासनीस अकराला येणार.

मावशींनी झाडू कोपऱ्यात ठेवला.

“बाई, चार महिन्यांचं शिकवणं अडीच तासांत होत नाही. पण डाग होतात.”

“मावशी, नवं कोरं सामान आहे!”

“तुम्हाला कायम व्हायचंय, का सामान कोरं ठेवायचंय?”

बाईंनी नवी पेटी मावशींपुढं सरकवली. मग म्हणाल्या, “चहा टाका.”

मूळ डाग समोर नव्हते, पण साक्षीदार वीस होते. वकीलबाई मध्ये उभी राहून देखरेख करत होती. “तिथं नाही, अजून खाली. मुंगीएवढं खाली. हां, आता सांडा.” छत्री कुठून फाटली होती यावर दोन तट पडले, एकाचे केस ओढले गेले, शेवटी मतदान घेऊन छत्री फाडली. ‘चेंडू’वर तेलकट अंगठा उमटवायचा होता, मूळ अंगठेवाला तापानं घरी होता. त्याच्या मापाचा अंगठा शोधण्यात दहा मिनिटं गेली.

“माशाला कोण चावलं होतं?” बाईंनी विचारलं.

मागच्या रांगेतल्या ढब्बूनं अभिमानानं हात वर केला.

“चाव परत.”

तो चावला. वर्गानं कार्ड हातोहात फिरवून पाहिलं आणि नापास केलं. “मध्ये फट नव्हती!” ढब्बू हसला तेव्हा कळलं, समोरचा एक दात परवाच पडलाय. मावशी पुढं झाल्या, दुसऱ्या कोऱ्या कोपऱ्यावर चावल्या.

“हा मासा नाही,” वकीलबाई म्हणाली, “हा मावशींचा मासा आहे.”

तेवढ्यात ढब्बूनं खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत दात. उशीखाली ठेवायचा सोडून तो परवापासून शाळेत आणत होता, दाखवायला. बाईंनी तो दात चिमटीत धरला आणि माशाच्या फटीत दाबून बसवला. पदविकेच्या दोन वर्षांत हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या खोलीतून करपल्याचा वास आला. ओली कार्डं मावशी शेगडीजवळ वाळवत होत्या, त्यातलं ‘घर’ घसरलं. कोपरा काळा.

“हे असं नव्हतं,” वकीलबाईनं हरकत घेतली.

“आता असंच,” बाई ओरडल्या. “सगळे म्हणा, जळलेलं ते घर! जळलेलं ते घर!”

याच गजरात दरवाजा उघडला. तपासनीस वीस मिनिटं आधीच टपकले होते.

मोठ्यांची खुर्ची एकच होती आणि तिचा पाय मोडका होता, म्हणून ते मुलांच्या खुर्चीत बसले. गुडघे हनुवटीला टेकले. मावशींनी उरलेला चहा त्यांच्या हातात दिला. टेबल नव्हतं. साहेबांनी कप कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि गठ्ठ्याखालून एकेक कार्ड ओढून दाखवायला लागले.

“पाणी!” “छत्री!” “मासा!” वर्गाला चेव चढला. बाई मनात मोजत होत्या, पदराचं टोक पिळून दोरी झालं होतं. अठरा. एकोणीस. मग ‘घर’ वर आलं.

“जळलं!” अख्खा वर्ग.

“काय?”

“घर, साहेब,” वकीलबाईनं सावरलं. “आधी घरच होतं.”

साहेबांनी बरोबरची खूण केली. वीस. बाईंनी पदर सोडला. चोवीसही झाले. शेवटचं कार्ड कपाखालचं. साहेबांनी कप उचलला, कार्ड वर धरलं. ‘दार’. त्यावर ओला, तपकिरी, गोल डाग.

“पाणी!” वर्ग एकमुखानं गरजला.

“हे पाणी?” साहेबांनी कार्ड स्वतःकडे वळवून पाहिलं.

“तुम्हीच त्याच्यावर चहा ठेवलात ना,” वकीलबाई म्हणाली. “आता दोन पाणी झाले.”

“म्हणजे गं?”

“बाई, सांगू?”

बाईंनी डोळे मिटले. वकीलबाईनं सगळं सांगितलं. चहा, मतदान, अंगठा, मासा. पुरावा म्हणून ढब्बूनं दात पुढे केला.

गेल्या महिन्यात साहेबांनी चाळीस शाळा तपासल्या होत्या, सगळ्या जुन्या, मळक्या संचांवर, आणि चाळीस ठिकाणी ‘उत्तम’ लिहून आले होते; इथं खरं लिहिलं तर ते चाळीसही पुसावे लागले असते. त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, पेन काढलं आणि लिहिलं: ‘चोवीस शब्द. उत्तम. वर्गातील संच अत्यंत परिणामकारक. आदर्श नमुना म्हणून वर पाठवावा.’ आणि कार्डं पिशवीत घालून निघून गेले.

महिन्याभरात बाई कायम झाल्या. पण तपासणीच्या दुपारपासूनच त्यांना चैन पडेना. कार्डं नव्हतीच, तेव्हा त्यांनी खडूनं दारावर ‘दार’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुसून जमिनीवर लिहिलं. तिसऱ्या दिवशी मावशींना लिहायला लावलं, वाकडंतिकडं. मुलं चिडली. शब्द एका जागी बसेना, त्याला डाग नाही, चावा नाही. मग नाइलाजानं ती अक्षरांकडे बघायला लागली.

सहा महिन्यांनी तुमची पेटी आली. पाण्यावर चहा, छापलेला. दारावर चहा, छापलेला. घराचा कोपरा छापून जाळलेला. ढब्बूनं आपला नवा दात माशावरच्या छापील चाव्याला लावून पाहिला आणि म्हणाला, “बाई, बसत नाही.”

वकीलबाईनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. ती तिनं बोट ठेवून, अडखळत, पण पूर्ण वाचली:

“‘डाग मूळ नमुन्याप्रमाणे. पुसू नयेत.’” मग तिनं मान वर केली. “पण का?”

“मला नाही माहीत बाळा,” बाई म्हणाल्या. “वर विचारू.”

मावशींनी बाईंचा हात धरला. “बाई, उगाच कशाला? कामावरून काढतील.”

“काढतील कसं? त्यांनीच तर कायम केलंय.”

तेव्हा साहेब, हे ते विचारणं. वकीलबाई रोज सकाळी वर्गात आल्या आल्या बाईंना विचारते, वरून उत्तर आलं का? डाग का पुसायचे नाहीत? मोठ्या अक्षरात लिहून पाठवा. तिला वाचता येतं.