ठेंगण्या बाईचं घर

पडद्यावर नायकाची आई मरायला टेकली होती. तंबूतल्या बायका पदराला डोळे पुसत होत्या, बाप्ये उगीचच खाकरत होते, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "आरं पर हिच्या घरात चूल कुठं हाय?"

सगळा तंबू हसला. आई मेली, पण तिच्या मरणाची कुणी दखल घेतली नाही. नायक ऊर बडवून घेत होता आणि आम्ही दोनशे माणसं माना उंचावून त्याच्या घरात चूल शोधत होतो. खरंच नव्हती. ज्या माउलीनं सबंध सिनेमाभर लेकाला भाकरी वाढली, तिच्या घरात चूलच नव्हती.

मी तेव्हा मानवतला हिंदीचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. त्या आवाजाचे धनी म्हणजे गुरलिंगअप्पा, हे शेजारच्या माणसानं मला सांगितलं, आणि वर बजावलं, "त्यांच्या म्होरं बसू नका सर. सिनेमा बगू देत न्हाईत."

अप्पांचं मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, बिछायत केंद्र होतं. सतरंज्या, गाद्या, पातेली, पराती, खाटा-बाजा, गॅसबत्त्या असं सगळं लग्नाकार्याला भाड्यानं मिळे. निम्म्या गावाची लग्नं अप्पांच्या सतरंजीवर लागली होती. स्वतः अप्पा मात्र सडेफटिंग. पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि अंगात परीटघडीचा असा पांढराशुभ्र सदरा, की मोंढ्यातली धूळसुद्धा त्यांना वळसा घालून जात असावी.

सिनेमा हा गावाचा शौक होता, अप्पांचा तो तंटा होता. नटनट्यांची नावं त्यांना येत नसत. "त्यो उंच गडी", "ती नाकात बोलनारी" एवढ्यावर भागे. पण उंच गड्याच्या दिवाणखान्यातलं घड्याळ तीन वेगवेगळ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांवरच होतं, हे त्यांनी आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवलं. एका सिनेमात जज्जाच्या घरी आणि तस्कराच्या घरी एकच फुलदाणी होती. अप्पांनी मध्यंतरात शपथेवर सांगितलं, "जज्ज लाच खायलाय. शेवटाला निगतंय बगा." जज्ज शेवटपर्यंत सज्जन राहिला. अप्पांच्या मते तो सिनेमा अर्धवट सोडला होता.

कुठलंही घर दिसलं, पडद्यावरचं असो की गल्लीतलं, त्यांचा पहिला सवाल ठरलेला, "हितं ऱ्हायतंय कोन?" म्हणजे राहणाऱ्याचं नाव नको असे. वस्तूंवरून माणूस ओळखू आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

माझ्या खोलीवर ते पहिल्यांदा आले तो दिवस गल्लीला आठवत असेल. आम्ही बौद्ध, आणि अप्पा लिंगायत दुकानदार. मास्तरच्या घरचा चहा अप्पा घेतात की नाही, इकडं आजूबाजूच्या चार खिडक्यांचं लक्ष होतं. अप्पांचं लक्ष होतं भिंतीवर. बशीतला चहा भुरका मारून संपवला आणि म्हणाले, "सर, बुद्धाच्या शेजारी बिडीचं कॅलेंडर कामून लावलंय? ते काढा. आन् त्यान्ला हितून उचला. सकाळचं ऊन समोरल्या भिंतीवर येतंय." मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतः खिळा काढला आणि दगडानं समोर ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर ऊन बरोबर त्या शांत चेहऱ्यावर येऊन थांबलेलं. खिडक्यांची निराशा झाली. माझी अप्पांशी मैत्री झाली.

अशा माणसाच्या वाटेत मुंबईची सिनेमा कंपनी आली, याला नशीबच म्हणायचं. कुणाचं, ते सांगता येत नाही.

देवगाव फाट्यापासून कोसभर आत एका खेड्यात हिंदी सिनेमाचं शूटिंग ठरलं होतं. काळीभोर जमीन, लांबच लांब मोकळं आभाळ, ते दिग्दर्शकाला आवडलं म्हणे. त्यांचे कलादिग्दर्शक घोषबाबू एक दिवस बाजा आणि पितळी भांडी मागायला बिछायत केंद्रावर आले. उन्हानं रापलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला बंगाली गृहस्थ. अप्पांनी मला निरोप धाडला, "सर, हिंदीची अडचन हाय. चला."

अडचण माझीच निघाली. माझी हिंदी व्याकरणशुद्ध, ती घोषबाबूंना कळेना. अप्पांची दखनी त्यांना बिनतक्रार कळत होती. मी आपला दिवाळीच्या सुट्टीत सोबत म्हणून राहिलो.

गाडीभर सामान घेऊन आम्ही खेड्यात पोचलो. तिथं आसपास पन्नास खरी घरं उभी असताना कंपनीनं बांबू, गोणपाट आणि गिलावा घेऊन एक्कावन्नावं उभं केलं होतं. खऱ्या घरात कॅमेरा मावत नाही म्हणे. गरिबी सगळी मुंबईहून ट्रकनं आली होती. कात्रीनं फाडलेल्या साड्या, रंगानं मळवलेली मडकी, फवाऱ्यानं मारलेली कोळिष्टकं. दर्शनी भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलं होतं, का ते विचारायची सोय नव्हती. आत भिंतभर पांढरी नाचणारी माणसं रंगवलेली, जी आमच्या मुलखात कुणी कधी भिंतीवर काढली नाहीत.

अप्पांनी चौकटीत उभं राहून सगळं बघितलं आणि घोषबाबूंना विचारलं, "हितं ऱ्हायतंय कोन?"

"विधवा," घोषबाबू म्हणाले.

"कब मऱ्या उसका मरद?"

घोषबाबूंनी दिग्दर्शकाकडं पाहिलं. दिग्दर्शकानं लेखकाकडं पाहिलं. लेखक चहा पीत होता.

"उससे क्या फरक पड़ता है?" दिग्दर्शक म्हणाला.

"फरक कैसा नै पडता साब? म्हैना हुआ तो खुंटी पे पटका रहता. दस बरस हुए तो बी रहता, लेकिन धुलके, घडी करके रहता. और ये जाले कायकू? अकेली बाई के घर में जाला नै रहता. काम क्या है उसकू? दिनभर झाडतीच बैठती."

दिग्दर्शक निघून गेला. घोषबाबू तिथंच उभे राहिले. तीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नसावं. जरा वेळानं हळूच म्हणाले, "अप्पाजी, चार दिन है. कर दो."

त्या चार दिवसांत अप्पांनी कंपनीचा जीव नकोसा केला. चाक काढलं, नाचणारी माणसं पुसली, फाटक्या साड्या परत केल्या. "कापड कात्रीनं फाटत न्हाई, गुडग्यावर फाटतं." मुंबईची चूल फोडून नवी घातली आणि गावातल्या एका म्हातारीला रोज तिच्यावर भाकरी करायला बसवलं. पण दोनच भाकरी. तिसरी टाकली की अप्पा तवा उतरवायचे. "आठ भाकरीचा धूर येगळा, दोन भाकरीचा येगळा. हितं एकटीचा धूर पायजे." मोठी काठवट पालथी घालून कोपऱ्यात ठेवली, कारण एकटीला तेवढं पीठ लागत नाही. पटका धुऊन घडी घालून खुंटीवर ठेवला.

फक्त एका गोष्टीचा उलगडा मला होत नव्हता. खुंटी, शिंकं, दिव्याची देवळी, सगळं त्यांनी हातभर खाली घेतलं होतं. नायिका चांगली उंच. घोषबाबूंनी तसं सांगितलं, तर अप्पा ऐकेनात.

"ह्या घरातली बाई ठेंगनी हाय," एवढंच म्हणाले.

"कहानी में कहाँ लिखा है?"

"कहानी में घड्याळ बी लिखेला नै रहता," अप्पा म्हणाले, आणि देवळी खालीच राहिली.

शूटिंगच्या दिवशी सकाळी नायिकाबाई आल्या. विधवेसाठी त्यांनी पांढरं रेशीम नेसलं होतं. त्यांनी चुलीमागची काळी भिंत पाहिली आणि जागीच थबकल्या. साडीला काजळी लागेल, आपण आत पाऊल टाकणार नाही. दिग्दर्शकानं क्षणाचाही विचार न करता हुकूम सोडला, "चूना मारो!" चुन्याची बादली आलीसुद्धा.

अप्पा पुढं झाले. "थांबा साब! डिंक का पानी मारेला है उसपे. पक्का है. कुछ नै लगता."

"सच?"

"सच म्हणजे? ये देखो." आणि गावात ज्यांच्या सदऱ्यावर कुणी कधी चहाचा थेंब पाहिला नव्हता, ते गुरलिंगअप्पा त्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. नुसते टेकले नाहीत, म्हशीनं झाडाला घासावी तशी वरपासून खालपर्यंत पाठ घासली. मग मोठ्या ऐटीत गर्रकन वळले.

डिंक वाळला नव्हता. पाठ तव्यासारखी काळी झाली होती.

साठ-सत्तर माणसं जी हसली, त्यात मीही होतो. चुन्याची बादली घेतलेला गडी हसून हसून खाली बसला. अप्पांना काही कळेना. सगळे का हसतात म्हणून ते स्वतःभोवती फिरत पाठ बघायचा प्रयत्न करू लागले, आणि तेव्हा तर नायिकाबाईही पोट धरून हसल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी अप्पांचा तो पडलेला चेहरा पाहिला असावा. एकदम म्हणाल्या, "रहने दो दीवार. सूती साड़ी लाओ, पुरानी." आणि आत गेल्या.

आत गेल्यावर त्यांना खुंटीवरच्या पटक्यासाठी हात वर न्यावा लागला नाही, खाली आणावा लागला. उंच बाई जरा वाकली, खांदे पुढं आले, आणि बघता बघता तिथं दुसरीच कुणीतरी उभी राहिली. रडू यावं म्हणून डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली घेऊन उभा असलेला माणूस तसाच उभा राहिला. अप्पा काळी पाठ भिंतीकडं करून, मान खाली घालून बाहेर बसले होते. त्यांनी काही पाहिलं नाही.

दीड वर्षानं तो सिनेमा मानवतच्या तंबूत लागला. अख्खं गाव लोटलं. त्या घरातला प्रसंग कापून त्याच्या जागी, नायिकेच्या भूतकाळात काश्मिरात घडलेलं एक गाणं घातलं होतं. आमच्या घरातली दिसली ती फक्त पालथी काठवट, तीही नायकाच्या बुटामागं, एवढीशी. गावानं अप्पांना महिनाभर "काठवट" म्हणून हाक मारली. अप्पा ओ देत असत.

पण मला सांगायचंय ते शूटिंग संपल्यानंतरच्या दिवसाचं.

कंपनी पहाटेच निघून गेली होती. बांबू आणि गोणपाट गावानं वाटून घ्यायचं ठरलं होतं, अप्पांनी आपलं सामान नेलं की घर मोडायला मोकळं. आम्ही बैलगाडी घेऊन पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मला वाटलं, तासाभराचं काम. मी शिंक्याकडं हात केला, तर अप्पा म्हणाले, "तुमी बसा सर. मी काढतो."

ते एक वस्तू काढत, धोतराच्या सोग्यानं पुसत, ती जिथं होती त्या जागेकडं जरा वेळ बघत, मग गाडीत नेऊन ठेवत. दुपार कलली तरी निम्मं घर तसंच होतं. मी कंटाळून म्हणालो, "अप्पा, असं तर संध्याकाळ होईल."

"व्हऊ द्या," ते म्हणाले. चुलीपाशी बसले होते. माझ्याकडं न बघताच बोलू लागले.

"मला आई न्हवती सर. अक्कानं वाडवलं. माज्यापेक्षा बारा वर्सानं मोठी, पर हितवर," त्यांनी आपल्या खांद्यापाशी हात धरला. "पूर्णेकडं दिलती. चार वर्सांत दाजी गेले. मी म्हनलं, चल मानवतला. आली न्हाई. एकटीच ऱ्हायली, वीस वर्सं. गेली तवा मी पोचलो, माती दिली, आन् तिसऱ्या दिशी गाडी लावून घर मोकळं केलं. एका दुपारात. सगळं पोत्यात कोंबलं. लय घाई होती मला."

"कसली?"

"आता आठवत न्हाई." त्यांनी चुलीतली राख बोटानं सारखी केली. "वाटंनं गाडी हाकताना मनाला इचारायला लागलो, शिंकं कुठल्या अंगाला व्हतं? देवळी कुठं व्हती? ती दिवा लावताना उभी कशी ऱ्हायची? काय काय आठवंना. माज्या हातानं काढलं व्हतं, पर बगितलंच न्हवतं. एकेक करून आठवायला लय वर्सं लागली."

मी उठून बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं बाहेर आलो.

उन्हं उतरली तेव्हा शेवटची ती काठवट गाडीत आली. गावकरी कुऱ्हाडी घेऊन लिंबाखाली वाट बघत बसले होते. आत आता नुसत्या चार भिंती आणि चुलीचा काळा डाग राहिला होता. अप्पा पुन्हा आत गेले. मला वाटलं, काही विसरलं असेल. त्यांनी चुलीपाशी वाकून दोन बोटं जमिनीला लावली, कपाळाला लावली, आणि दारापाशी येऊन मागं वळले.

"अक्का," ते म्हणाले, "येतो गं."

कॅमेऱ्यासाठी मुंबईवाल्यांनी चौकट चांगली सात फुटी ठेवली होती. अप्पा मात्र डोकं सांभाळत, वाकून बाहेर आले.