चि. ठोंब्यास, प्रिंटरमार्फत

मी लिफ्ट दुरुस्त करतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनात माझ्याविषयी थोडा तरी आदर शिल्लक राहील! सोळाव्या आणि सतराव्या मजल्याच्या मध्ये लटकलेल्या नऊ माणसांना आणि एका फ्रिजला मी सुखरूप बाहेर काढलेलं आहे. त्यामुळे त्या रविवारी सकाळी आईचा फोन आला, "अरे, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये," तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

"आई, अर्ध्या तासाचं काम आहे. येतो."

"अर्धा तास म्हणजे तुझा की घड्याळाचा?"

आमच्या आईचा स्वभाव असा. ती तारखात्यात टेलिप्रिंटर ऑपरेटर होती. आयुष्यभर मोजक्या शब्दांत बोलून तिला तीच सवय लागली आहे. पण निवृत्तीनंतर ती लिहायला लागली आणि आता वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी तिने चक्क एक नाटक लिहिलं होतं. दोन बहिणी माहेरच्या एका कपाटावरून भांडतात, असं काहीसं. सात बायका ते व्यासपीठावर खुर्च्यांवर बसून वाचणार होत्या. गेला महिनाभर त्या सातही जणी आईच्या घरी कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून, पडद्यावर बघूनच तालीम करत होत्या. आता कार्यक्रम दुपारी चारला, आणि नाटक त्या डब्यात!

"सात प्रती हव्यात," आई म्हणाली. "आणि त्या इथेच, माझ्या घरी निघतील असं काहीतरी कर. शेवटी एक पत्र आहे. ते निवेदिकेने वाचायचं, त्याची एकच प्रत पुरे. शेवट मी कालच बदललाय, तसं सगळ्यांना सांगून ठेवलंय."

'इथेच निघतील' असं ती का म्हणाली, याचा मी तेव्हा विचार करायला हवा होता. पण मी विचार करण्यात वेळ घालवत नाही. मी थेट पाना उचलतो!

अकराला पोचलो. कॉम्प्युटर मीच आईला दिलेला, म्हणजे बायकोने घरातून काढायला लावलेला. प्रिंटर आमच्या कंपनीने काढून टाकलेला, लहानशा वॉशिंग मशीनएवढा. दोन वर्षांपूर्वी हा सगळा संसार मीच आईच्या टेबलावर मांडून दिला होता. मधेच कामावरून फोन आला म्हणून जरा घाईत, पण मांडून दिला होता.

बटण दाबलं. डब्याने तीनदा 'टूं टूं टूं' केलं आणि गप्प.

"हे तो सकाळपासून करतोय," आई म्हणाली. "काहीतरी सांगतोय बिचारा."

"आई, त्याला काही सांगायचं नसतं. ते यंत्र आहे."

स्क्रू काढून मी झाकण उघडलं. आत इतकी धूळ होती, की गादी करून एखादं मांजर सहज बाळंत झालं असतं! मी फुंकर मारली. ती धूळ माझ्या डोळ्यांत, नाकात आणि आईच्या कार्यक्रमाच्या इस्त्री केलेल्या साडीवर बसली. आईने साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती दुसरी साडी घेऊन थेट सभागृहावरच निघाली.

"मी पुढे होते," दारातून ती म्हणाली. "सिस्टर साडेतीनला प्रती न्यायला येतील."

सिस्टर म्हणजे आईच्या मैत्रीण. चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या. नाटकात त्या मोठी बहीण.

एकटा राहिल्यावर मी कामाला लागलो. मेमरीची पट्टी काढली, तिच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरवलं, परत बसवली. टूं टूं टूं. पुन्हा काढली, पुन्हा घासली, उलटी घालायचा प्रयत्न केला, मग सुलटी घातली. हाताखालून एक स्क्रू निसटला तो शोधायला पलंगाखाली गेलो, तिथे आईची हरवलेली पेन्सिल, एक बटण आणि दोन पिना सापडल्या. स्क्रू नाही सापडला! शेवटी पट्टी शेजारच्या खाचेत बसवली, आणि पावणेतीनला एकदाची फक्त एकच 'टूं' आली. पडद्यावर अक्षरं उमटली! मी एवढा खूश झालो की त्या मॉनिटरच्या डोक्यावरून हात फिरवला.

नाटक उघडलं. सात प्रती, प्रिंट. मग शेवटच्या पत्राची एक प्रत, प्रिंट. प्रिंटर ढिम्म.

पुन्हा प्रिंट. ढिम्म. प्रिंटर बंद केला, चालू केला. कागदाचा खण उघडला, आत कोरे कागद अगदी नीट, कडेला कड लावून ठेवलेले. त्याला हलवला, थोपटला, सोळाव्या मजल्यावरच्या लिफ्टला मी जे शब्द ऐकवतो तेही ऐकवले. काही उपयोग नाही.

साडेतीनला सिस्टर आल्या.

"झालं?"

"होतच आलंय. फक्त प्रिंटर मेलाय."

"मेलाय हे ठरवायचं काम तुझं नाही. बाजूला हो." त्यांनी चष्मा चढवला आणि प्रिंटरपासून निघालेल्या केबलवरून बोट फिरवत फिरवत त्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे पोचल्या. "ही कुठे टोचली आहेस?"

"योग्य जागी. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः खोचली आहे. बघा, कशी घट्ट बसलीय!"

"घट्ट बसलीय, पण भलत्याच शिरेत!" त्यांनी केबल उपटली आणि वीतभर वर दुसऱ्या भोकात घातली. "ते खालचं रुंद भोक इंटरनेटचं आहे. माझ्या नातीने एकदा हेच केलं होतं. ती सहा वर्षांची होती."

यावर मी काही उत्तर देणार, तेवढ्यात प्रिंटरने मोठा सुस्कारा सोडला आणि कागद बाहेर पडायला लागले! सटासट, गरमागरम! ट्रे भरला, कागद टेबलावर, टेबलावरून जमिनीवर. पानांवर आकडे नव्हते. मी आणि सिस्टर गुडघ्यांवर बसून रांगत रांगत ढीग लावत होतो. सिस्टरना संवाद पाठ होते, म्हणून निभावलं. शेवटचा कागद निघाला आणि खण रिकामा झाला. कागद अगदी बेताचे पुरले, म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली. सात प्रती लागल्या आणि वर छापलेली पाच पानं उरली. वरच्या पानावर 'अनेक आशीर्वाद' एवढं दिसलं.

"हे ते पत्र!" मी म्हणालो. "निवेदिकेचं!"

चारला पाच कमी होते. सगळं पिशवीत कोंबलं आणि सिस्टरच्या स्कूटरवर मागे बसून सुटलो. प्रती वाटल्या, पत्र निवेदिकेच्या हातात दिलं आणि तिसऱ्या रांगेत जाऊन रुबाबात बसलो. सभागृह भरलेलं होतं. शेजारच्या गृहस्थांना मी न विचारता सांगितलं, "हे सगळं आज माझ्यामुळे होतंय."

नाटक बरं चाललं. बहिणी भांडल्या, कपाट अर्धं झालं, आणि निवेदिका उठल्या. या बाई टपालखात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवली. आज एक उघडून वाचायला मिळणार म्हणून त्या खास घसा खाकरून उभ्या राहिल्या.

"चिरंजीव ठोंब्यास, अनेक आशीर्वाद."

 जगात ठोंब्या अनेक असतील, पण माझ्या आईचा ठोंब्या एकच आहे!

"तू फोन करतोस तेव्हा कायम लिफ्टच्या खड्ड्यात असतोस. 'आई, ऐकू येत नाही, नंतर करतो,' एवढंच मला स्वच्छ ऐकू येतं. म्हणून आता पत्र लिहिते. मागच्या खेपेला तू स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केलास. तेव्हापासून तो थेंब थेंब गळायचा थांबलाय. आता धार लागते. प्लंबर येऊन गेला. तुला कळू देऊ नका, असं मी त्यालाही बजावलंय."

सभागृहात हशा. मी खुर्चीत चार इंच खाली.

"तू आणलेलं घड्याळ छान आहे. त्याचा खिळा तूच ठोकला होतास, म्हणून ते सध्या जमिनीवर आहे. वेळ बघायला वाकावं लागतं, तेवढाच व्यायाम होतो."

पुन्हा हशा, आणि टाळ्या! शेजारचे गृहस्थ डोळे पुसत मला म्हणाले, "हा ठोंब्या भलताच झकास आहे हो!" मी मान डोलावली. दुसरं काय करणार? विंगेत आई उभी होती. तिचा चेहरा अंगावरच्या दुसऱ्या साडीसारखा पांढराफटक पडला होता. ती हाताने 'थांबा, थांबा' अशा खुणा करत होती. निवेदिकांना त्यातून 'सावकाश, सावकाश' एवढंच कळलं. त्यांनी सावकाश पान उलटलं.

"चिरंजीव ठोंब्या, पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. नळाचं मनाला लावून घेतलंस का रे? मी थट्टा केली. घड्याळ भिंतीवर लावून घेतलंय."

हशा जरा कमी झाला. आणखी एक पान.

"चिरंजीव ठोंब्या, काल आमच्या इमारतीची लिफ्ट मधेच बंद पडली. आत आम्ही सहा जण. सगळे घाबरले, एक जण दार ओढायला लागला. मी म्हटलं, खबरदार! माझा मुलगा रोज लोकांना यातून बाहेर काढतो. त्याने सांगितलंय, दाराला हात लावायचा नाही, शांत बसायचं, माणूस येतो. मी सगळ्यांना खाली बसवलं आणि पाऊण तास तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. बाहेर काढलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, अजून थोडा वेळ चाललं असतं. मला तुझा फार अभिमान वाटला. हे फोनवर सांगणार होते, पण तुला ऐकू येत नाही. ता. क. काही दुरुस्त करायला येऊ नकोस. नुसता ये."

निवेदिकांनी कागद खाली केले.  मग अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मीही उभा राहिलो. बसून राहिलो असतो, तर माझ्या चेहऱ्याकडे लोकांचं लक्ष गेलं असतं!

नंतर चहाच्या टेबलामागे आईला गाठलं. तिने हातातली बशी उगाचच तीनदा पुसली.

"नाटकातलं पत्र कुठे गेलं?"

"कागद संपले असणार." मी म्हणालो. "आई, ही पत्रं..."

"तुला मिळाली नाहीत?"

"मला कशी मिळतील?"

"अरे, तूच म्हणालास ना, प्रिंट दाबलं की पडद्यावर 'पाठवत आहे' येतं, मग गेलं म्हणून समज! आमच्या टेलिप्रिंटरवर असंच असायचं. इथे टाइप करायचं, कागद तिकडे निघायचा. मला वाटलं, तुझ्याकडे निघत असतील."

"आणि तुझ्या प्रिंटरमध्ये ते कोरे कागद?"

"ते तुझ्या उत्तरासाठी भरून ठेवले होते," आई म्हणाली.

दोन वर्षं ती पत्रं माझ्या भलत्या भोकातल्या केबलपायी कॉम्प्युटरमध्येच रांग लावून अडकली होती, आणि आज नाटकाच्या आधी बाहेर पडली होती! मंडळी, मला सतराव्या मजल्यावरून आठ वेळा खाली सोडलं असतं तरी चाललं असतं.  आईने माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "पी आधी. नाक लाल झालंय तुझं."  मी तिच्या केसांवरची धूळ झटकली. ती सकाळची माझीच होती.

तेवढ्यात ग्रंथपालबाई धावत आल्या. "काय शेवट बदललात हो! त्या ठोंब्याने बाजी मारली. शेजारच्या वाचनालयातून आत्ताच विचारणा झाली, पुढच्या महिन्यात तिथे प्रयोग करणार का? फक्त ठोंब्याचं काम वाढवा म्हणतात!"

मला वाटलं, आई नाही म्हणेल. आईने पदर खोचला, पिशवीतून वही काढली आणि माझ्याकडे वळली.

"पुढच्या रविवारी काय करतोयस?"

"येतो ना! नुसता येतो, आई. पाना घरी ठेवून."

"छे, छे! पाना घेऊन ये," ती म्हणाली. "गिझर जरा आवाज करतोय. मला दुसरा अंक लिहायचाय."

तेव्हापासून मी दर रविवारी आईकडे जातो. ती दारातच माझ्या हातात पक्कड देते आणि समोर वही उघडून बसते. बायकोला मी सांगितलंय, की आई साहित्यविषयक चर्चेसाठी बोलावते.