अंकुरल्या धानाची मोहीम आणि मानाची वाटी

श्री वैनगंगामाई प्रसन्न. भंडारा शहरी एका महाविद्यालयाचे वनस्पतिशास्त्राचे दालनी एन्झाइमाची ताकद मोजण्याची थोर मोहीम जाहली, तिजविषयी लोक भलतेच बोलतात. कोणी म्हणे नारळाने फत्ते जाहली, कोणी म्हणे हळदीने. सबब जे डोळां देखिले आणि जे चहाचे टपरीवर खात्रीलायक ऐकिले, ते पदरचे फारसे न घालता लिहिले असे.

कारधा मुक्कामीची डिंपल सेलोकर, धानकऱ्याची लेक, इणे पीएचडीचा विडा उचलिला होता. धान भिजोन अंकुरले म्हणजे त्याचे पोटी एन्झाइम नामे एक कामकरी जागा होतो, तो पिठाची साखर करितो आणि त्या साखरेवर कोंब वाढतो. कोणत्या वाणाचा कामकरी किती जोरकस, हे मोजोन सिद्ध करावे, ऐसा तिचा मनसुबा. वर्षे गेली, धान भिजविता बोटे पांढरी जाहली, आणि मग विद्यापीठाचे निर्वाणीचे फर्मान आले की, महिनाअखेर आकडे दाखल न जाहल्यास नावनोंदणी रद्द. म्हणजे सारी मेहनत वैनगंगेत!

आकड्यांसाठी परदेशी संच आणविला होता. तुलाराम परिचर याणे बर्फाची पेटी वरठी स्टेशनावरोन मोटरसायकलीवर लेकरासारखी जपोन आणिली. आत इवल्या वाट्यांचे एक ताट आणि औषधांच्या कुप्या. वाटीत धानाचा अर्क घालावा आणि औषध घालावे, मग कामकरी जिवंत असेल तर पाणी पिवळे होते, जितके पिवळे तितकी ताकद. शेवटी थांबवणीची कुपी, सोड्यासारखी खारी, ती ओतिता कामकरी जागचे जागी थांबतो, आणि मग यंत्र रंग वाचोन आकडा देते. ऐसा सोपा कारभार.

परंतु विभागप्रमुख, उद्घाटनधुरंधर, शालश्रीफळभूषण प्राध्यापक टेकचंद लांजेवार साहेब, ज्यांणी हयातीत फिती बहुत कापिल्या आणि प्रयोग एकही केला नाही, त्यांणी संच फ्रीजमध्ये कुलूपबंद केला. हुकूम जाहला की, तपासणीची कमिटी यावयाची आहे, फोडिला संच दाखविण्यात शोभा नाही. कमिटी आली आणि चिवडा खाऊन गेली. मग हुकूम जाहला की, शुभारंभास मोठा पाहुणा पाहिजे. पाहुणा काही येईना, आणि संचाचे डब्यावरील मुदत संपत आली. तेव्हां साहेबांनी स्वतःच पाहुणे व्हावे, ऐसी मसलत साहेबांनीच दिली आणि साहेबांनीच ती मान्य केली.

मग मोहिमेचा दिवस उगवला. बॅनर लागला, त्यावर साहेबांची तसबीर परातीएवढी, एन्झाइमाचे नाव मुंगीएवढे आणि डिंपलचे नाव नाहीच. डिंपलने पहांटेपासोन अर्क काढिले, बर्फात ठेविले, वाट्या भरिल्या. खाशांची स्वारी दाखल जाहली, नारळ फुटला, उदबत्तीचा धूर दालनी कोंदला, आणि साहेबांनी मूठभर हळद घेऊन आधी यंत्रास वाहिली, मग ताटाकडे हात वळविला.

डिंपल ओरडली, "सर, ताटावर नका टाकू जी! अंदर औषध आहे!"

"अवं पोरी, शुभ कामाले अडथळा काहून करून राहिली?" ऐसे बोलोन साहेबांनी हळद उधळिली.

झाले! औषधाने आपले काम करण्याआधीच एकूण एक वाटी पिवळी. साहेबांनी ताट उंच धरोन फत्तेची तसबीर काढविली, ती व्हॉट्सॲपवर रवाना केली, आणि दुसरे क्षणी अभिनंदनाचे जोडिले हात पावसासारखे पडो लागले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. डिंपलने मात्र ओठ दाबोन थांबवणी ओतिली, तो सारे ताट लालभडक जाहले! आणि ताळा पाहण्यास एक कोरी वाटी होती, तीत अर्काचा थेंब नव्हता, ती बेरंग राहावी तर तीही लाल. हळदीचे लुगडे साबणाने धुता लाल होते, हे लग्नघरची पोरे जाणतात, तर डिंपल न जाणेल? साहेब म्हणाले, लाल रंग तर अधिक शुभ.

डिंपल बर्फाचे पेटीवर बसोन रडली. मग डोळे पुसोन उठली. पोरगी कारध्याची, पुराचे पाणी उशाशी घेऊन निजणारी, तिणे ताटातील सुट्या निघणाऱ्या निम्म्या वाट्या आधीच वेगळ्या ठेवोन पाकिटात बंद केल्या होत्या. औषधही निम्मे शिल्लक. दुसरी लढाई मागितली, तो साहेबांनी साफ नाकारिली. फत्तेची तसबीर जगभर गेली, आता पुन्हा लढणे म्हणजे पहिली शिकस्त कबूल करणे. आणि डिंपलचे मार्गदर्शकही साहेबच, त्यांचे सहीवाचोन आकडा कवडीमोल.

तेव्हां डिंपलने अर्ज केला, "सर, पुन्हा नाही जी. हे फक्त तुमच्या मानासाठी. एक वाटी तुमच्या नावाची ठेवतो म्हणून राहिली मी. पहिल्या रांगेत, पहिली. पण मानाची वाटी हाय, तिले कोणी हात लावाचा नाही, हळद बी लावाची नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांणी तात्काळ परवानगी बक्षिली आणि वाटीवर नाव ठळक लिहावे ऐसे फर्माविले.

दुसरे दिवशी दार लागले. तुलाराम उंबऱ्यावर आडवा बसला, हळदीची पुडी खिशात जप्त. आत डिंपलने प्रत्येक वाटीत अर्क घातला आणि औषध घातले. साहेबांचे वाटीत औषध घातले, थांबवणी घातली, सारा थाटमाट केला, फक्त अर्क तेवढा घातला नाही. मग यंत्राने आकडे दिले. बाजारी वाणांचे बरे, तिचे बापाचे बांधावरचे धानाचे सर्वांत जोरकस, आणि पहिल्या रांगेतील पहिली वाटी शून्य.

साहेबांनी कागद हाती घेतला. "आमची वाटी शून्य काहून?"

"सर, तुमची शून्य निघाली म्हणूनच बाकीच्याइले विद्यापीठ खरं मानते जी. तुमची काही निघाली असती तर सारंच बाद."

साहेब गहिवरले. आपणावाचोन सारे खोटे ठरले असते, हे त्यांस आजवर कोणी इतके उघड सांगितले नव्हते. त्यांणी शून्यावर वळणदार सही केली.

तुलाराम दारातून म्हणाला, "मले त मालूमच होतं, सरच्या वाटीत काही निघत नाही."

येणेप्रमाणे आकडे मुदतीआत दाखल जाहले, नावनोंदणी राखिली, डिंपलबाई फत्ते पावल्या. साहेबांनी कायमचा हुकूम काढिला की, यापुढे या दालनी कोणीही कसलीही मोजणी करो, पहिली वाटी आमचे नावाची राहील. आणि तो हुकूम, साहेबांचे हयातीतील पहिलाच, विज्ञानाचे रीतीस तंतोतंत धरोन आहे, ऐसी नोंद येथे केली असे.